अरबी लोककथांवरचा कोणता चित्रपट गावातील मुलांना दाखवावा?

प्रश्न (अमळनेर तालुका)
दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावच्या वाचनालयात आठ ते बारा वर्षांच्या मुलांना अरबी लोककथांवर आधारलेला एखादा चित्रपट दाखवण्याचा विचार आहे. बहुतेक मुले घरी अहिराणी बोलतात, त्यामुळे इंग्रजी संवाद त्यांना झेपणार नाहीत. १९४० चा ‘द थीफ ऑफ बगदाद’ माझ्या मनात आहे, परंतु लहानगी घाबरतील अशी शंका वाटते. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर १ (भुसावळ)
अवश्य दाखवावा. अबू या पोरसवदा चोराची भूमिका करणारा साबू म्हैसूरकडच्या माहुताच्या घरात जन्मलेला होता आणि आपल्याच गल्लीतला वाटावा असा हा उघड्या अंगाचा, चपळ मुलगा गादीवरून हुसकावलेल्या राजाला संकटातून सोडवतो, याचे मुलांना फार अप्रूप वाटते. किनाऱ्यावर सापडलेल्या बाटलीतून निघालेला जिन अबूला चिरडायला पाय उचलतो, तेव्हा एवढा प्रचंड देह इतक्याशा बाटलीत मावलाच कसा, अशी शंका काढून अबू त्याला पुन्हा आत शिरायला लावतो. ही युक्ती मूळच्या अरबी कथांमधील कोळ्याच्या, म्हणजे मासे पकडणाऱ्याच्या, गोष्टीतली आहे. ती गोष्ट आदल्या दिवशी अहिराणीतून रंगवून सांगितली, तर त्या प्रसंगी मुले घाबरण्याऐवजी टाळ्या पिटतील. मात्र अनेक हातांची चांदीची बाहुली सुलतानाचा जीव घेते, तो भाग लहानांसाठी पुढे सरकवावा.

उत्तर २ (शहादा)
माझे मत वेगळे आहे. भाषेचीच अडचण असेल, तर जर्मन कलावती लोटे रायनिगर यांचा १९२६ चा राजपुत्र अहमदावरील मूकपट निवडावा. कात्रीने कापलेल्या काळ्या पुठ्ठ्याच्या आकृत्या प्रकाशित काचेवर ठेवून, त्या केसभर सरकवत एकेक चित्र टिपून त्यांनी हा चित्रपट सुमारे तीन वर्षांत पुरा केला. आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांमध्ये तो सर्वांत जुना आहे. राजपुत्राच्या बोटांची हालचाल आणि पंखांच्या वेषातील परीच्या पिसांची कातरकाम केलेली कड नीट पाहावी, इतके ते काम नाजूक आहे. मांत्रिकाच्या उडत्या घोड्यावरून कथेला सुरुवात होते, आणि सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहत वाढलेल्या आमच्याकडच्या मुलांना त्याहून चांगली सुरुवात कोणती? मूकपट असल्यामुळे कथन तुम्हालाच करता येईल. चित्रपट तासाभराहून थोडाच मोठा आहे, हीदेखील सोय आहे.

उत्तर ३ (जळगाव)
दोन्ही सूचना उत्तम आहेत. केवळ एक भर घालतो. अल्लाउद्दीनची गोष्ट मुलांना सांगणार असाल, तर ती जुन्या अरबी हस्तलिखितांतून आलेली नाही, हेही सांगावे. अलेप्पोच्या हन्ना दियाब या तरुणाने १७०९ मध्ये पॅरिसमध्ये ती फ्रेंच भाषांतरकार आंत्वान गालां यांना ऐकवली आणि गालां यांनी ती आपल्या संग्रहात घातली. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेले ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ हे भाषांतर वाचनालयात असल्यास त्यातील कोळ्याची गोष्ट मोठ्या मुलांकडून वाचून घ्यावी.

प्रश्नकर्ती (अमळनेर तालुका)
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या दिवशी मूकपट दाखवून अहिराणीत कथन करण्याचे ठरवले आहे. साबूचा चित्रपट दुसऱ्या दिवशी, दहा वर्षांवरील मुलांसाठी ठेवते. काळा पुठ्ठा आणि बोथट टोकाच्या कात्र्या मागवल्या आहेत.