जुन्या पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज १६ वरून ११ वर आलंय, मदत हवी आहे

वैतागलेला_चालक
गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक. आधी १६ द्यायची, आता कशीबशी ११. एअर फिल्टर बदलला, चारही प्लग बदलले, ऑइल बदललं, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. ढिम्म फरक नाही. गॅरेजवाला म्हणतो, "जुनी झाली, चालायचंच." कृपया 'हळू चालवा, हवा चेक करा' असले सल्ले नकोत, तेवढं मला कळतं. नेमका कुठला पार्ट बदलायचा ते सांगा. संध्याकाळी गॅरेजला जायचंय, जरा लवकर.

स्पॅनरबुवा
कुठल्या सालची? कार्बोरेटर की इंजेक्शन? हे ११ काढलं कसं? रोजचं रनिंग किती, आणि कसल्या रस्त्यावर? नाडी न बघता औषध कसं देणार?

थेंबेथेंबे
टाकीत इंजेक्टर क्लीनरची बाटली ओता आणि निवांत राहा. माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज एका बाटलीत २ ने वाढलं.

स्पॅनरबुवा
@थेंबेथेंबे मोजलं कसं?

थेंबेथेंबे
काट्यावरून. रोज चालवणाऱ्याला कळतं हो.

जुनाजाणता
उतार दिसला की न्यूट्रल. सिग्नलच्या अलीकडे शंभर मीटरवर न्यूट्रल. मी तीस वर्षं हेच करतोय आणि कधी कुणाला अ‍ॅव्हरेज विचारायची वेळ आली नाही.

चक्रधर
कार्बोरेटरच्या गाडीत ठीक होतं हे. इंजेक्शनच्या गाडीत गियरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टरच बंद करतो, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलंत की इंजिन आयडलवर येतं आणि छोटं इंजिनसुद्धा तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं. वर इंजिन ब्रेकिंग गेलं ते वेगळंच. लांब उतारावर न्यूट्रल म्हणजे ब्रेक तापवून घ्यायचे धंदे.

जुनाजाणता
न्यूट्रलमध्ये गाडी लांब घरंगळते, त्याचं काय? गियरमध्ये इंजिन ओढून धरतं, मग पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो. तो हिशोब कोण करणार?

चक्रधर
सपाट रस्त्यावर तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, मान्य. उतारावर आणि सिग्नलला मुळीच नाही.

वैतागलेला_चालक
अहो माझ्या धाग्यावर भांडू नका. २००६ ची आहे. चोक नाही म्हणजे इंजेक्शनच असणार ना? रिझर्व्हचा दिवा लागला की १० लिटर भरतो, पुन्हा दिवा लागेपर्यंत किती किलोमीटर झाले ते बघतो. सोपं आहे. रनिंग घर ते ऑफिस.

स्पॅनरबुवा
त्या दिव्यावर विसंबू नका. टाकीतला फ्लोट गाडी चढावर, उतारावर किंवा जराशी कलती उभी असली तरी वेगळं सांगतो. १० लिटरमध्ये एक लिटर इकडेतिकडे झालं की तुमचं अ‍ॅव्हरेज एका किलोमीटरने हललं. टाकी ऑटोकटपर्यंत फुल करा, ट्रिप मीटर शून्य करा, पाऊण टाकी संपवा, त्याच पंपावर त्याच नोझलने पुन्हा ऑटोकटपर्यंत भरा. बिलावरचे लिटर घ्या. असं तीनदा. आणि टायर मूळ साइजचेच आहेत ना?

वैतागलेला_चालक
टायर मागच्या वर्षी नवीन घेतले. १५५/८० च्या जागी १६५/८०, रिम तेरा इंचीच. पण ते का विचारताय? टायरने पेट्रोल थोडंच जातं.

गणिती
जातं, आणि दिसतंही चुकीचं. जुन्या टायरचा व्यास ५७८ मिमी, नवीनचा ५९४. म्हणजे चाक एका फेरीत २.८ टक्के जास्त अंतर कापतं, पण ओडोमीटर जुन्याच हिशोबाने मोजतो. तुमचे ११ खरे म्हणजे ११.३. दिलासा मोठा नाही, पण आहे.

हिरवळ
सीएनजी बसवून टाका, कटकट संपेल.

वैतागलेला_चालक
सीएनजीबद्दल मी विचारलंय का?

हिरवळ
नाही, पण विचारायला हवं होतं.

स्पॅनरबुवा
ऑफिस किती लांब, ते अजून आलं नाही.

वैतागलेला_चालक
३ किलोमीटर. आधीचं ऑफिस ३० होतं, तेही मोकळ्या मोठ्या रस्त्याने. सहा महिन्यांपूर्वी बदललं. पण गाडी तीच आहे ना!

चक्रधर
गाडी तीच, पण काम बदललं की हो! ३ किलोमीटरमध्ये इंजिन तापतच नाही. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. ऑइल घट्ट असतं, गियरबॉक्सही गार. तुमची गाडी पूर्ण तापायच्या आतच बंद होते, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

सायकलस्वार
३ किलोमीटर? सायकल घ्या. हलके घ्या हो.

स्पॅनरबुवा
तरी १६ चे ११ नुसत्या तेवढ्याने होतील असं वाटत नाही. टेंपरेचरचा काटा कुठपर्यंत येतो?

वैतागलेला_चालक
पाव भागाच्या जरा वर. मोकळ्या रस्त्यावर वेगात असलो की आणखी खाली उतरतो. मला वाटलं चांगलंच आहे, इंजिन थंड राहतंय.

स्पॅनरबुवा
इथेच थांबा. बाकी सगळं राहू दे. उद्या सकाळी गार गाडी सुरू करा, बॉनेट उघडा आणि इंजिनातून रेडिएटरच्या वरच्या बाजूला जाणाऱ्या जाड रबरी पाइपवर हात ठेवा. पंखा आणि बेल्टपासून बाही, बोटं लांब. पहिली काही मिनिटं पाइप गार राहायला हवा, मग थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडला की एकदम तापायला हवा. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपकडे असतो, पण बहुतेकांत वरच. सुरुवातीपासून कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. किंवा जागेवरच नाही. ऑइलची डिपस्टिकही काढून हुंगा.

वैतागलेला_चालक
बघितलं. दोन मिनिटांत पाइप कोमट, मग हळूहळू गरम, एकदम असं काही नाही. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय, शपथ. आणि हो, तुम्ही म्हणालात त्यावरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी गाडी ट्रॅफिकमध्ये गरम झाली होती, तेव्हा एका गॅरेजवाल्याने आतून पितळेची चकतीसारखी वस्तू काढून हातात दिली होती. "ही नसली तरच बरी," म्हणाला. ती अजून डिकीत पडली आहे.

स्पॅनरबुवा
तोच तुमचा थर्मोस्टॅट.

जुनाजाणता
त्यात गॅरेजवाल्याचं काय चुकलं? उष्ण हवेत थर्मोस्टॅट लागतोच कशाला? आम्ही प्रत्येक गाडीतून पहिल्या सर्व्हिसिंगलाच काढून टाकायचो. एकही इंजिन बसलं नाही.

चक्रधर
काका, तुमच्या कार्बोरेटरला इंजिन गार आहे की गरम हे कळायची सोय नव्हती. चोक तुम्ही हाताने ढकलायचात आणि विषय संपायचा. इथे कूलंटचा सेन्सर आहे. तो "अजून ६० अंशच" म्हणतोय तोवर ईसीयू पेट्रोल जास्तच सोडणार. जादाचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. तोच वास आलाय त्यांना. आणि बाहेर कितीही ऊन असू दे, इंजिन ९० अंशांच्या आसपास चालायला बनवलेलं असतं. उन्हाळा ४५ चा म्हणून काय झालं.

जुनाजाणता
मला जुन्या गाडीत उताराला चोक आत ढकलायची इतकी सवय झाली होती की नव्या गाडीत वर्षभर वायपर चालू व्हायचा.

थेंबेथेंबे
क्लीनर टाकलं का पण?

स्पॅनरबुवा
@वैतागलेला_चालक, डिकीतला जुना बसवू नका, नवीन घ्या. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा उघडायचा आकडा छापलेला असतो, तुमच्या इंजिनाला कंपनीने दिलाय तोच. सोबत गॅस्केट नवीन, कूलंट नवीन (नळाचं पाणी नको), बसवल्यावर सिस्टीममधली हवा काढायला सांगा. ऑइल आणि फिल्टरही बदला, त्यात पेट्रोल मिसळलंय. पण त्याआधी एक. तेव्हा गाडी गरम का झाली होती? ते कारण शिल्लक असेल तर थर्मोस्टॅट बसवल्यावर पहिल्याच ट्रॅफिकमध्ये पुन्हा गरम होईल.

वैतागलेला_चालक
ते कुणी बघितलंच नव्हतं.

वैतागलेला_चालक (तीन आठवड्यांनी)
अपडेट. रेडिएटरच्या पंख्याचा रिले गेला होता. पंखा कधी लागायचा, कधी नाही. रिले आणि थर्मोस्टॅट दोन्ही नवीन. काटा आता मध्यावर येऊन थांबतो, हलत नाही. टाकी ऑटोकटपर्यंत भरून मोजलं: पहिल्यांदा १२.९, दुसऱ्यांदा १३.२. पण मला १६ हवेत. ते कुठे गेले?

गणिती
१३.२ ला टायरचे २.८ टक्के मिळवा, साडेतेरा झाले. आणि ते १६ तुम्ही ३० किलोमीटरच्या मोकळ्या रस्त्यावर, रिझर्व्हच्या दिव्यावरून मोजले होते. ते आता जुन्या ऑफिसच्या रस्त्यावरच.

चक्रधर
एकदा रविवारी लांब जाऊन मोजा, कळेल. हवा मात्र दाराच्या कडेला चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे, गार टायरमध्ये. हा सल्ला नको म्हणाला होतात तरी सांगतोय.

वैतागलेला_चालक
बरं. हवा कमी होती, भरली. एक विचारायचं राहिलं. चालवून आल्यावर मागच्या डाव्या चाकाची रिम हाताला चटका देते, उजवी गारच असते. त्याचा काही संबंध असेल का? बरेच दिवस तसंच आहे, म्हणून लिहिलं नव्हतं.

स्पॅनरबुवा
हँडब्रेक सोडून गाडी जॅकवर घ्या आणि ते चाक हाताने फिरवून बघा, ब्रेक चिकटून तर राहिला नाही ना. आत्ता.