आईला केमो-रेडिएशन ठरलंय, सोबत इम्युनोथेरपी मागून घ्यावी का?

निरंजन_के
आईचं वय ६१. कित्येक महिने मूळव्याध समजून मलमं लावत बसलो. शेवटी तुकडा तपासला तर गुदद्वाराचा स्क्वॅमस सेल कॅन्सर. गाठ साडेतीन सेंटिमीटर, जांघेत एक लिम्फ नोड सुजलेला, पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही. मायटोमायसिन, कॅपेसिटाबिन ही केमोची औषधं आणि रेडिएशन ठरलंय, ऑपरेशन नको म्हणतात. इकडे मामेभाऊ रोज लिंका पाठवतोय: याच कॅन्सरला २०२५ मध्ये इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) मंजूर झाली, तुम्ही जुनंपुराणं काय घेताय? डॉक्टर म्हणाले, "सध्या गरज नाही," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आम्ही काही हातचं घालवतोय का?

किरण_विभाग३
मी रेडिएशन ऑन्कॉलॉजीत डॉक्टर आहे. आईंचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तेवढं धरून वाचा.

मामेभावाची बातमी खरी आहे, पण ती वेगळ्या पेशंटची. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, रेटिफॅनलिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध मंजूर केलं ते कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या जोडीने, आणि आजार शरीरात पसरलाय किंवा तिथेच उलटून ऑपरेशनपलीकडे गेलाय अशांसाठी. त्यांच्यात आजार आटोक्यात राहण्याचा मध्यकाळ ७.४ महिन्यांवरून ९.३ वर गेला. आईंच्या बाबतीत आपण महिने मोजत नाही आहोत, आजार मुळातून घालवायला बघतोय.

आणि "जुनंपुराणं" म्हणाल तर ऐका. पूर्वी या आजारात गुदद्वारासकट गुदाशय काढून पोटावर कायमची पिशवी बसवत. डेट्रॉइटचे सर्जन नॉर्मन निग्रो ऑपरेशनआधी गाठ लहान व्हावी म्हणून केमो आणि रेडिएशन देत होते. १९७४ मध्ये त्यांनी लिहिलं की काढलेल्या भागात कॅन्सर सापडेचना. तिथून हे ऑपरेशन मागे पडलं. केमो-रेडिएशनच्या ब्रिटनमधल्या ॲक्ट-२ चाचणीत ९४० रुग्ण होते, २६ आठवड्यांनी जवळपास ९० टक्क्यांमध्ये गाठ पूर्ण गेलेली होती. मोठी गाठ किंवा लिम्फ नोड असेल तर उलटण्याचा धोका जास्त, म्हणून तर इम्युनोथेरपी जोडून पाहायची धडपड चालू आहे.

कल्पना चुकीची नाही. हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, विषाणूची प्रथिनं पेशीत असतात, त्यामुळे प्रतिकारशक्तीला शत्रू ओळखायला सोपा. पण ज्या लिम्फोसाइटच्या (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) जिवावर ही औषधं चालतात, त्यांनाच रेडिएशन मारतं, आणि आपण तर जांघेतल्या नोड्सनाही रेडिएशन देतो. गर्भाशयमुखाच्या, त्याच भागात बळावलेल्या कॅन्सरमध्ये केमो-रेडिएशनसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिल्यावर तीन वर्षांनी हयात असलेले ७४.८ टक्क्यांवरून ८२.६ वर गेले. त्याच आजारात ड्युरव्हॅलुमॅब हे तसंच दुसरं औषध लावून पाहिलं, फायदा सिद्ध झाला नाही. तेच ड्युरव्हॅलुमॅब फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमो-रेडिएशन *संपल्यावर* दिलं तर चांगलं चाललं. तेव्हा अंदाजाने मिसळायची ही गोष्ट नव्हे. गुदद्वारासाठी जर्मनीच्या रेडिअन्स चाचणीत इम्युनोथेरपीचं औषध केमो-रेडिएशनसोबत देतात, अमेरिकेतल्या ईए२१६५ चाचणीत निव्होलुमॅब हे तसलंच औषध नंतर. डॉक्टरांना एवढंच विचारा: आई बसेल अशी चाचणी कुठे चालू आहे का? नसेल तर ठरलेलं वेळेवर सुरू करा आणि मधे खाडे होऊ देऊ नका.

सुनीता_मावशी
निरंजन, हेच औषध, हेच रेडिएशन मी घेतलंय, तेव्हा मी घरातलं सांगते. शेवटी शेवटी जांघेची कातडी सोलवटते, लघवीला बसलं की आग होते. मी कोमट पाण्याच्या टबात बसूनच लघवी करायचे, लाज कसली त्यात. तोंडही आलं होतं. कॅपेसिटाबिन सुरू करण्याआधी डीपीडीची, म्हणजे हे औषध शरीरात मोडणाऱ्या एन्झाइमची रक्ततपासणी झाली का विचार. काहींच्या शरीरात हे औषध पचतच नाही आणि जिवावर बेततं. आणखी एक, हे मुलगा आईला विचारणार नाही आणि आई मुलाला सांगणार नाही: नंतर योनीमार्ग आकसतो, त्यासाठी डायलेटर असतात. बायको किंवा बहीण असेल तर तिला बोलू दे.

पहिल्या तपासणीत माझी गाठ अजून हाताला लागत होती. घरात रडारड. डॉक्टर ढिम्म, म्हणाले थांबा. पुढच्या तपासणीला नव्हती.

किरण_विभाग३
मावशींचा शेवटचा मुद्दा वर पिन करायला हवा. ॲक्ट-२ मध्ये ११ आठवड्यांना गाठ पूर्ण न गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांची २६ आठवड्यांपर्यंत गेली. गाठ वाढत नसेल तर घाईने तुकडा काढू नये, भाजलेल्या जागी जखम भरत नाही.

निरंजन_के
मावशी, ताईला वाचायला दिलंय, ती बोलेल. डॉक्टर, एक शेवटचं: चाचणी मिळाली तर जोखीम काय?

किरण_विभाग३
थायरॉइड बंद पडून आयुष्यभर गोळी लागू शकते. त्याहून त्रासाचं म्हणजे जुलाब. रेडिएशनचे असतील तर लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) आणि पाणी. इम्युनोथेरपीने आतड्याला सूज आली असेल तर स्टेरॉइड लागतात. दिसायला दोन्ही सारखेच. चाचणीत गेलात तर रात्री जुलाब वाढल्यावर फोन कोणाला करायचा, तो नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्या.