मदत हवी आहे: यूकेमध्ये नव्या सायकली विकताना ब्रेक आणि रिफ्लेक्टरचं काय करता?

नमस्कार मंडळी. लेस्टरला माझं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, आता नव्या सायकलीही ठेवायच्या आहेत. 2010 चे पेडल बायसिकल्स सेफ्टी रेग्युलेशन्स वाचले. घंटी, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर, शिवाय चाकांना आणि पेडलांनाही. एवढं सोपं आहे.

अडचण ब्रेकची. युरोपातून नमुन्याला आलेल्या सायकलीचा डावा ब्रेक दाबला, तर पुढचं चाक थांबलं! इथे डाव्या हाताला मागचा, उजव्या हाताला पुढचा लागतो. सवयीने डावा जोरात दाबला, तर माणूस थेट हँडलवरून पुढे फेकला जाईल. ही जोखीम मला नकोच. त्यात ब्रेक हायड्रॉलिक (तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे), म्हणजे होज (तेलाच्या नळ्या) काढून दोन्हीकडे परत ब्लीड करणं, म्हणजे आतली हवा काढणं आलं.

इथे कुणी सायकलचं दुकान चालवतं का? ही अदलाबदल स्वतः करता की पुरवठादाराकडून करून घेता? एका सायकलीला किती वेळ धरता? आणि पेडलशिवाय येणाऱ्या रेसिंग सायकलींच्या रिफ्लेक्टरचं काय? घंटी मात्र मी प्रत्येक सायकलीला बसवूनच देणार, गिऱ्हाइकाने घरी नेऊन काढली तरी. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.