दावीदाने अरवनाचे खळे फुकट का घेतले नाही?

उंबरठा (प्रश्न)

बायबलमधील शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा 24वा अध्याय वाचताना एक शंका मनात राहिली. सेनापती यवाबाचा विरोध डावलून इस्राएलचा राजा दावीद लोकांची शिरगणती करवतो, 9 महिने 20 दिवसांनी आकडा हाती येतो आणि त्याच वेळी त्याचे मन त्याला खाऊ लागते. गाद संदेष्टा तीन शिक्षा पुढे ठेवतो, मरी येते, 70,000 माणसे मरतात, आणि अखेर गादाच्या सांगण्यावरून राजा यबूसी जमातीतल्या अरवनाच्या खळ्यावर वेदी बांधायला जातो. अरवना खळे, होमासाठी बैल आणि सरपणासाठी मळणीची अवजारे व जू असे सारे आपणहून देऊ करतो. दावीद मात्र 50 शेकेल (शेकेल हे वजनाचे जुने माप) चांदी मोजतो. ज्यात आपली काहीच झीज झाली नाही असे होमार्पण मी माझ्या देवाला करणार नाही, असे तो सांगतो.

उत्तर बाणेदार आहे यात शंका नाही. परंतु दावीदाच्याच नावावर असलेल्या 51व्या स्तोत्रात देवाला यज्ञ नको, भग्न हृदय हवे, असे म्हटले आहे. मग विकत घेतलेल्या बैलांना एवढे महत्त्व कशासाठी? पैसे मोजल्याने क्षमा मिळते, असे या कथेला सुचवायचे आहे का?

पोथीवाला

कथेतील घटनांचा क्रम पाहिला तर तसे म्हणता येत नाही. दहाव्या वचनात, म्हणजे शिक्षेचा उच्चारही होण्यापूर्वी, दावीद आपण पाप केले असे कबूल करतो. सोळाव्या वचनात देवदूताचा हात यरुशलेमेवर उगारलेला असतानाच परमेश्वर त्याला थांबवतो. पुढच्याच वचनात दावीद विचारतो, की अपराध माझा आहे, या मेंढरांनी काय केले आहे, तुझा हात माझ्यावर व माझ्या घराण्यावर पडो. वेदीची आज्ञा त्यानंतर येते. होमार्पण झाल्यावर मरी थांबली असे शेवटी लिहिले आहे हे खरे, पण तोवर कबुली आणि दया या दोन्ही गोष्टी घडून गेलेल्या आहेत.

माझ्या मते खरी मेख त्या मेंढरांच्या वाक्यात आहे. शिरगणती राजाने केली आणि तिची किंमत मात्र प्रजेने प्राण देऊन भरली. अशा वेळी प्रायश्चित्ताचे बैलही अरवनाच्याच दावणीचे घेतले असते, तर दुसऱ्याच्या पदरातून फेडण्याची तीच चूक वेदीसमोर पुन्हा झाली असती. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून पुण्य जोडायचे नाही, एवढे तरी त्या राजाला एव्हाना कळले होते. 70,000 जिवांपुढे 50 शेकेल म्हणजे काहीच नाही, ही विसंगती कथाकाराच्या लक्षात आली नसेल असे मला वाटत नाही. तो फक्त दोन्ही आकडे एकाच अध्यायात लिहितो आणि गप्प बसतो.

दावीदाच्या आधीचा राजा शौल याची गोष्ट याच्याशेजारी ठेवून पाहावी. अमालेकी या शत्रू जमातीचे सारे नष्ट करण्याची आज्ञा असताना त्यांची उत्तम गुरे त्याने राखून ठेवली, परमेश्वराला अर्पण करण्यासाठी ती आणली असे कारण दिले आणि वर ती लोकांनीच राखली असेही सांगितले. लुटीतल्या जनावरांच्या यज्ञात त्याचे स्वतःचे काय जाणार होते? यज्ञापेक्षा आज्ञापालन बरे, हे शमुवेल संदेष्ट्याचे प्रसिद्ध उत्तर याच प्रसंगातले आहे.

तराजू

वरील विवेचन पटते, पण ‘किंमत’ म्हणजे मोठी रक्कम असा समज त्यातून होऊ नये. लेवीय पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात काही पापांसाठी मेंढी किंवा बकरी सांगितली आहे. तेवढी ऐपत नसल्यास दोन होले किंवा पारव्याची दोन पिले, आणि तेही जमत नसल्यास एफा या धान्यमापाच्या दहाव्या हिश्श्याएवढे पीठ, तेल आणि धूप न घालता. गरिबाच्या मूठभर पिठालाही तेथे पापार्पणच म्हटले आहे. उलट मलाखी संदेष्ट्याच्या काळातले लोक आंधळी, लंगडी, रोगट जनावरे वेदीवर आणत होते, आणि हे तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या, तो प्रसन्न होईल का, असे संदेष्टा त्यांना विचारतो. जनावर होते, विधी होता, फक्त देणाऱ्याचे काही जात नव्हते.

शिवाय, ज्याने शेजाऱ्याला फसवले किंवा लुबाडले त्याने आधी मूळ वस्तू आणि तिच्या किमतीचा पाचवा हिस्सा अधिक असे ज्याचे त्याला परत करायचे, आणि मग दोषार्पणाचा मेंढा आणायचा, असा नियम आहे. वेदीकडे जाणारी वाट शेजाऱ्याच्या दारावरून जाते, असे म्हणा हवे तर.

51व्या स्तोत्राबद्दल बोलायचे तर त्याच्या मथळ्यात बथशेबेचा प्रसंग आहे: दावीदाने तिच्याशी व्यभिचार केला आणि तिच्या नवऱ्याला मारवले. व्यभिचार आणि खून यांवर उतारा ठरेल असे कोणतेही अर्पण नियमशास्त्रात नाही. जाणूनबुजून, उद्दामपणे केलेल्या पापाला तेथे पापार्पणाची सोय ठेवलेलीच नाही. म्हणूनच ‘तुला यज्ञ आवडत नाही’ याच्या लगत ‘नाहीतर मी तो केला असता’ असे शब्द येतात. त्या स्तोत्राच्या अखेरीस वेदीवर गोऱ्हे पुन्हा येतातच, तेव्हा ते यज्ञाविरुद्धचे स्तोत्र नव्हे.

उंबरठा

दोघांचेही आभार. एक उपप्रश्न आहे. बायबलमधल्याच ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात हाच व्यवहार 600 शेकेल सोन्याचा होतो आणि मालकाचे नाव अर्णान असे येते. किमतीवरच सारा भर असलेल्या कथेत किमतीचाच मेळ लागू नये, हे जरा खटकते.

पोथीवाला

एक उलगडा असा, की शमुवेलात खळे आणि बैल यांची किंमत आहे, तर इतिहासात सबंध ‘जागेची’. आणि दुसऱ्या इतिहासाच्या तिसऱ्या अध्यायाप्रमाणे ती जागा म्हणजे मोरिया डोंगर, जेथे पुढे दावीदाचा मुलगा शलमोन याने मंदिर बांधले. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात आणखी एक हिशेब आहे: बारा वंशांकडून प्रत्येकी 50 घेतले, म्हणून 600. आकडे जुळतात, पण मला हा हिशेब रुचत नाही, कारण मग राजाने स्वतःची झीज सोसली या मुद्द्यातला जोरच जातो. इतिहासकाराचे लक्ष निराळ्या गोष्टीवर असावे. त्याचा दावीद ‘पुरेपूर किंमत’ देतो, आणि मूळ हिब्रूत हेच शब्द इस्राएलांचा मूळपुरुष अब्राहाम बायकोला पुरण्यासाठी मकपेलाची गुहा मागतो तेव्हा येतात. तेथेही एफ्रोन हित्ती आधी फुकट देऊ करतो आणि अब्राहाम 400 शेकेल चांदी तोलून देतो.

दर्यासारंग

थोडी भर घालतो. हिब्रूत अर्पणाला ‘कोरबान’ म्हणतात, ज्याचा धातू जवळ येण्याचा आहे, आणि पश्चात्तापाला ‘तशुवा’, म्हणजे मागे फिरणे. इ. स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडले आणि बैल, मेंढे, पीठ हे सारे अर्पण बंद झाले. तेव्हा ‘शब्द बरोबर घेऊन परमेश्वराकडे फिरा’ हे होशेय संदेष्ट्याचे वचन यहुदी धर्मगुरूंच्या उपयोगी पडले. पण झीज संपली नाही. माणसाने माणसाचा केलेला अपराध योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसानेही मिटत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते, असे मिश्ना हा यहुदी नियमांचा जुना संग्रह सांगतो. कोकणातले बेने इस्राएल यहुदी, ज्यांना आपल्याकडे शनिवार तेली म्हणत, याच दिवसाला मराठीत दरफाळणीचा सण म्हणत आले: पांढरे कपडे, कडक उपवास आणि घराची दारे दिवसभर बंद. ज्याची समजूत काढायची त्याच्या घरी जाऊन येणे अर्थातच दार लावण्यापूर्वी.