मदत हवी आहे: न फोडलेली बेसबॉल कार्डांची पाकिटं, मागची घडी संशयास्पद

एडिसनकर
मंडळी, ३६ पाकिटांचा अख्खा बॉक्स घेतलाय. त्यातल्या ५ पाकिटांची मागची घडी बाकीच्यांसारखी दिसत नाही. मेण जास्त चकाकतंय, आणि एकाची कड तर नखाने उचलता येईल इतकी सैल आहे. विकणारा म्हणतो, इतक्या वर्षांत असं व्हायचंच. परत करायची मुदत शुक्रवारी संपते. ठेवू की परत करू? "तिकडे जाऊन हे कसले छंद" हे कृपया लिहू नका, ते घरी ऐकून झालंय.

पाकीटमार
साल? कंपनी? "बेसबॉलची पाकिटं" म्हणजे "एक मराठी पुस्तक" म्हटल्यासारखं झालं. मेण म्हणताय म्हणजे मेणकागदात गुंडाळलेले वॅक्स पॅक, प्लॅस्टिकमधले सेलो किंवा रॅक पॅक नाहीत, एवढं कळलं. पण १९७५ चा बॉक्स आणि १९८७ चा बॉक्स यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टॉप्स कंपनीने १९८७ चं इतकं छापलंय की ते पाकीट उघडून पुन्हा चिकटवायची मजुरीही सुटणार नाही. फोटो टाका. पाकिटाची मागची बाजू, उजेड तिरपा, आणि शेजारी एक चांगलं पाकीट.

एडिसनकर
टॉप्सच, १९८०. फोटो इथे चढत नाहीयेत. ठेवू की परत?

गणित_चुकतंय
१९८० म्हणजे बेसबॉलपटू रिकी हेंडरसनचं रुकी कार्ड, म्हणजे त्याचं पहिलं कार्ड, क्र. ४८२. या सालच्या पाकिटांना कोणी हात लावला असेल तर त्याच्यासाठीच. एका पाकिटात १५ कार्डं, म्हणजे बॉक्समध्ये ५४०. सेट ७२६ चा, पण १३२ कार्डांच्या ६ शीट्सवर छापलेला, त्यामुळे जागा ७९२ आणि ६६ कार्डं दुहेरी, म्हणजे दोनदा छापलेली. हेंडरसन दुहेरीत नाही. ५४० भागिले ७९२ म्हणजे बॉक्सला सरासरी ०.६८ हेंडरसन. तीन बॉक्स फोडले तर दोन सापडावेत, असा हिशोब. ते दोन काढून पाकिटं परत चिकटवली की राहिलेला माल "न फोडलेला" म्हणून विकायचा, हा जुना धंदा आहे.

चौथी_स्लिप
सोपा उपाय. संशयित पाचांतलं एक फोडा, पाच मिनिटांत निकाल. या पाकिटांत कार्डांबरोबर चघळायचा गम असतो. आत गमचा डाग ज्या कार्डावर आहे त्यालाच गम चिकटलेला आहे का, ते बघा. मूळ पाकिटात गमचा तुकडा आणि त्याचा डाग तंतोतंत जुळतात. उघडून परत भरलेल्या पाकिटात गमचा भुगा झालेला असतो, नाहीतर डाग एका जागी आणि गम दुसऱ्या जागी. दुसऱ्या टोकाच्या कार्डावर मेणाचा डाग दिसायला हवा, कारण वेष्टनाच्या घड्या त्या बाजूला येतात. तोही घडीच्या आकाराशी जुळला पाहिजे.

पाकीटमार
माहिती बरोबर, सल्ला घातक. परतीची मुदत चालू असताना पाकीट फोडलं की विकणारा म्हणणार, माल तुम्हीच बिघडवला. शुक्रवारपर्यंत एकही फोडायचं नाही.

अतिनील
फोडायची गरजच नाही. ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च घ्या, खोलीत अंधार करा. आजचे डिंक आणि आजचा कागद निळसर पांढरे चमकतात, जुना कागद मंद राहतो. घडीच्या रेषेत चमक दिसली की विषय संपला.

मेणकापड
विषय संपत नाही. १९८० च्या वॅक्सला डिंक लावतो कोण? वेष्टनावरच मेण आहे. बारीक इस्त्री किंवा हेअर ड्रायर फिरवला की तेच वितळून चिकटतं. यूव्हीला काही दिसणार नाही आणि धागाकर्ते "पास झालं" म्हणून खुशाल झोपतील. वर काही मेण स्वतःच थोडं चमकतं, म्हणजे चांगलं पाकीट नापास व्हायची भीती वेगळीच.

बघायचं ते असं. कारखान्यात कागद कार्डांभोवती गुंडाळून मागे एकावर एक आणतात, दोन्ही टोकं मागे दुमडतात आणि तिथे गरम ठसा दाबतात. त्या जागी मेण सपाट आणि मळकट दिसतं, आणि ठशाची हद्द स्पष्ट असते. हाताने परत चिकटवलेल्या पाकिटात तीन गोष्टी होतात. एक, मेण ठशाच्या हद्दीबाहेर पसरतं आणि कागद तेलकट, अर्धपारदर्शक होतो. दोन, जुन्या घडीशेजारी दुसरी बारीक घडी दिसते, कारण उलगडलेला कागद पहिल्याच रेषेवर पुन्हा कधीच बसत नाही. भिंग घेऊन टोकाच्या त्रिकोणी दुमडीत बघा, तिथे ही जोडरेघ हमखास सापडते. तीन, पाकीट कोपऱ्यांशी ढिलं राहतं, आतली चळत अंगठ्याने सरकते.

एडिसनकर
जोडरेघ आहे! पाचपैकी चारांत. पाचव्यात नक्की कळत नाही. बाकी ३१ मध्ये कुठेच नाही.

कोथरूडची_माई
मला यातलं कार्डांचं काही कळत नाही, पण मेणाच्या कागदातल्या वस्तूंना दमट हवा चालत नाही. भारतात आणणार असाल तर पावसाळ्यात हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आत आर्द्रतामापक ठेवा. ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राहू दे. फार कोरडं केलंत तर कागद कडक होऊन घडीवर तडकतो. लोखंडी कपाटात तर मुळीच नको.

एडिसनकर
माई, धन्यवाद, पण बॉक्स न्यू जर्सीतच राहणार आहे. राहिला तर.

पाकीटमार
माईंनी हवेचं काढलं ते बरं झालं, कारण विकणाऱ्याचा बचाव तिथूनच येणार: माळ्यावर होतं, उन्हाळ्यात मेण वितळलं. पण उष्णतेने मेण सुटतं तेव्हा सगळ्या पाकिटांचं सुटतं. फार तर वरच्यांचं जास्त, तळाच्यांचं कमी. ३१ धड आणि ५ बिघडलेली, ही उष्णतेची खूण नव्हे. ती पाच एकत्र होती की विखुरलेली?

एडिसनकर
विखुरलेली. दोन तर अगदी तळाला होती.

वजनकाटा
०.०१ ग्रॅमचा काटा घ्या आणि सगळी पाकिटं मोजा. हलकी असतील ती बनावट. इतका ऊहापोह कशाला?

गणित_चुकतंय
कशाला ते सांगतो. एक कार्ड साधारण पावणेदोन ग्रॅमचं. हेंडरसन काढून त्या जागी दुसरं कोणतंही १९८० चं कार्ड घातलं तर वजन तेवढंच. पुठ्ठा तोच, शाई तीच. आणि इतक्या वर्षांत गम प्रत्येक पाकिटात वेगळा सुकतो, तुटतो, त्यामुळे चांगल्या पाकिटांतही फरक येतो. नंतरच्या काळात जर्सीच्या कापडाचा तुकडा बसवलेली जाड कार्डं आली तेव्हा वजन करून पाकिटं निवडणारे निघाले, तिथे काटा खरंच चालतो. १९८० ला तो किराणा तोलण्यापुरता.

वजनकाटा
गमच नसेल तर काट्यावर कळेल की नाही?

गणित_चुकतंय
तेवढं कळेल. मान्य.

हौशी_फ्लीर
गमवरून आठवलं, ही खूण सर्वांनी लक्षात ठेवा. १९८१ मध्ये फ्लीर आणि डॉनरस या दोन कंपन्या टॉप्ससमोर बाजारात उतरल्या तेव्हा त्यांच्याही पाकिटात गम होता. मग टॉप्स अपिलात जिंकलं आणि गमसोबत कार्डं विकायचा हक्क टॉप्सकडेच राहिला. म्हणून १९८२ पासून फ्लीरमध्ये संघांच्या बोधचिन्हांचे स्टिकर आणि डॉनरसमध्ये कोड्याचे तुकडे, पहिलं कोडं बेब रूथचं. १९८४ डॉनरसच्या न फोडलेल्या पाकिटातल्या डॉन मॅटिंग्लीच्या रुकी कार्डावर गमचा डाग आहे असं कोणी म्हणालं तर उठून चालू लागा.

मेणकापड
छान माहिती, पण त्यांचा बॉक्स १९८० टॉप्सचा आहे.

चौथी_स्लिप
अवांतर चाललंच आहे तर न्यू जर्सीकरांसाठी एक. १९५२ टॉप्सची न खपलेली वरच्या क्रमांकांची कार्डं १९६० मध्ये टॉप्सच्या सी बर्गर यांनी बार्जवर चढवून समुद्रात सोडली, असं ते स्वतः सांगत. त्याच मालिकेत मिकी मँटलचं प्रसिद्ध, महागडं कार्ड, क्र. ३११. एडिसनहून किनारा लांब नाही, बुडी मारायला सुरुवात करा.

बिगफनवाला
आपल्याकडे बिग फनच्या गमबरोबर क्रिकेटची चित्रं यायची. त्यांची न फोडलेली पाकिटं कोणाकडे आहेत का? योग्य किंमत देईन.

पाकीटमार
त्यासाठी वेगळा धागा काढा.

धागाकर्ते, एक विचारायचं राहिलं. बॉक्स उघडा आला की प्लॅस्टिकमध्ये?

एडिसनकर
प्लॅस्टिकमध्येच, फॅक्टरी सील्ड होता. ते उघड आहे म्हणून लिहिलं नाही. मी फाडून आत बघितलं.

पाकीटमार
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! टॉप्सचे त्या काळातले वॅक्स बॉक्स कारखान्यातून प्लॅस्टिकमध्ये यायचेच नाहीत. नुसता पुठ्ठ्याचा बॉक्स, आणि असे अनेक बॉक्स एका मोठ्या खोक्यात, म्हणजे केसमध्ये. प्लॅस्टिक नंतर कोणीतरी चढवलंय. आता सांगा, त्यावर काही छापलेलं होतं की कोरं?

एडिसनकर
कोरं. एका बाजूला टोचल्यासारखी बारीक भोकं होती.

मेणकापड
ती हवा जायची भोकं. आजचं साधं श्रिंक रॅप, कुठल्याही पॅकिंगच्या दुकानात रोल मिळतो.

इंडियाना_मेल
म्हणूनच अशा बॉक्सवर बीबीसीईचं, म्हणजे न फोडलेला माल तपासून देणाऱ्या कंपनीचं वेष्टन शोधायचं. ते प्रत्येक पाकीट तपासतात आणि मग स्वतःचं नाव छापलेलं प्लॅस्टिक चढवतात. बॉक्स सीलबंद केसमधून निघालेला असेल तर तसं लिहितात, त्या चार अक्षरांना, एफ-ए-एस-सी ला (फ्रॉम अ सील्ड केस), बाजारात वेगळा भाव आहे. ते वेष्टन फाडलं की तो भावही गेला. तुमचं कोरं होतं, म्हणजे फाडून नुकसान नाही झालं. बॉक्स त्यांच्याकडे पाठवा.

अतिनील
त्यांच्याही डोळ्यांना मर्यादा आहे. यूट्यूबवाल्या लोगन पॉलने ३५ लाख डॉलरला घेतलेली पोकेमॉनची केस त्यांनीच प्रमाणित केलेली होती. जानेवारी २०२२ मध्ये उघडली तर आत जी. आय. जोची कार्डं.

इंडियाना_मेल
तिथे बाहेरची बंद केस बघून शिक्का मारला होता. इथे सुटं पाकीट हातात घेऊन बघतात. दोन्ही एक नव्हेत.

अतिनील
शिक्का शिक्काच असतो. आता तर पाकीट न फोडता सीटी स्कॅन करून आतलं कार्ड वाचतात. उद्या "न फोडलेलं" या शब्दाला काय किंमत उरणार?

पाकीटमार
तो वाद दिवाळीनंतर. शुक्रवारच्या आत टपाल जाऊन तपासणी होऊन परत येणं शक्य नाही, त्यामुळे बीबीसीई आत्ता बाद. एडिसनकर, पैसे कसे दिलेत?

एडिसनकर
पेपॅल. गुड्स अँड सर्व्हिसेस, म्हणजे खरेदीचे म्हणून.

पाकीटमार
मग जीव भांड्यात. फ्रेंड्स अँड फॅमिलीने, म्हणजे ओळखीत पाठवल्यासारखे दिले असते तर दाद मागायची सोयच नव्हती. याला तक्रार नोंदवायला १८० दिवस मिळतात, पण त्या भरवशावर शुक्रवार घालवू नका. आज रात्री एवढं करा. पाचही पाकिटांचे तिरप्या उजेडातले फोटो, प्रत्येकाशेजारी एक चांगलं पाकीट. भिंगातून जोडरेघेचा एक जवळचा फोटो. तक्रारीत "बनावट" शब्द वापरू नका, त्यावर भांडण लांबतं. "वर्णनाप्रमाणे नाही" एवढंच लिहा आणि कारण एकच द्या, की त्या साली कारखान्याचं प्लॅस्टिक नसे. घडीबद्दल मतं दोन असू शकतात, प्लॅस्टिकबद्दल नाहीत.

चौथी_स्लिप
३१ चांगली आहेत तर पाचांचे पैसे कापून घ्या आणि बाकी ठेवा. स्वस्तात पडेल.

मेणकापड
कोणाच्या खात्रीवर चांगली? ज्याने पाच नीट जमवली नाहीत त्याने बाकीची नीट जमवली नसतील कशावरून? पाच पाकिटं बाहेरून आणून भरलेला बॉक्स पुढे बीबीसीईतही अडकणार. आख्खा परत.

एडिसनकर
ठीक, परत करतो. फोटो काढतोय. तक्रारीला प्लॅस्टिकचा तुकडा जोडायचा का?

पाकीटमार
तोच तर पुरावा आहे. भोकांच्या बाजूचा फोटो काढा आणि प्लॅस्टिक पिशवीत घालून ठेवा.

एडिसनकर
काल कचऱ्याची गाडी आली होती.

पाकीटमार
...बरं. विक्रीच्या पानावर "फॅक्टरी सील्ड" असं लिहिलंय ना? त्याचा स्क्रीनशॉट काढा. आत्ता. तो ते बदलायच्या आत.

एडिसनकर
काढला. फोटोसकट. फोटोत भोकं दिसतायत.