डिफेंडर जकार्ड डिझाइनची फाइल उडवतोय

प्रश्न: सोलापूर एमआयडीसीत चादरींचा कारखाना आहे. विंडोज ११ वर जकार्ड (विणकामातली नक्षी) डिझाइनच्या सॉफ्टवेअरची ईएक्सई, म्हणजे ते चालवणारी फाइल, डिफेंडर हा विंडोजचा अँटिव्हायरस क्वारंटाइन करतो (बाजूला अडकवून ठेवतो). धोक्याच्या नावाशेवटी 'एमएल' येतं. काय करावं?

उत्तर: 'एमएल' म्हणजे मशीन लर्निंगचा अंदाज. डिजिटल सही नसलेल्या, यूपीएक्स या साधनाने आवळून लहान केलेल्या ईएक्सईवर असा संशय सर्रास येतो. तरी खात्री हवीच. डिफेंडरच्या प्रोटेक्शन हिस्टरीतून रिस्टोर करा, पण फाइल चालवू नका. पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) गेट-फाइलहॅश कमांडने एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा जणू बोटाचा ठसा, काढा, विक्रेत्याच्या हॅशशी जुळवा आणि व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या संकेतस्थळावर तोच हॅश शोधा. खासगी डिझाइन तिथे अपलोड करू नका.

दुसरं उत्तर: हॅश जुळला तरच एक्सक्लूजन (तपासणीतून सूट), तेही त्या एकाच फाइलला. अख्ख्या सी ड्राइव्हला कधीच नको!

तिसरं उत्तर: विक्रेत्याला ती ईएक्सई मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवर तपासणीला पाठवायला सांगा. त्या फाइलपुरता खरा इलाज तोच.