शब्दचर्चा : ‘वाण’, ‘संकरित’ आणि ‘पुनःसंयोग’ (बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांची गावं दिली आहेत)

खानापूर : पुतणी धारवाडला शेतकी शिकते. तिनं ‘रिकॉम्बिनेशन’ला मराठी शब्द विचारला. ‘पुनःसंयोग’ सापडला, पण तो बसतो का? दुसरं, इंद्रायणी भाताला संकरित म्हणायचं का? आमच्याकडं सगळे हायब्रीडच म्हणतात की.

बेळगाव : आधी इंद्रायणी. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ या भाताच्या दोन वाणांचा संकर करून, पुढच्या पिढ्यांतून निवडत काढलेलं हे वाण. संकरातून आलं, तरी ‘संकरित बियाणं’ नव्हे. संकरित म्हणजे पहिल्या पिढीचं बी, दरवर्षी विकत घ्यावं लागतं. इंद्रायणीचं घरचं बी ठेवून पेरता येतं.

‘पुनःसंयोग’ मात्र मला खटकतो. ताटातूट झालेले दोघे परत भेटले, असं काहीतरी डोळ्यासमोर येतं. प्रत्यक्षात परागकण आणि बीजांड तयार होण्याआधी आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र (पेशीतला जनुकं वाहणारा धागा) शेजारी येतात, तुकड्यांची अदलाबदल करतात आणि वेगळी होतात. हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३१ साली मक्यात हे दाखवून दिलं. ‘फेरजुळणी’ म्हणा, शेतकऱ्यालाही कळेल.

निपाणी : मग निवड करकरून वाण शुद्ध केलं, की फेरजुळणी थांबते?

बेळगाव : थांबत नाही, पण तिच्या हाताला काही लागत नाही. भात स्वपरागी, म्हणजे बहुतेक स्वतःच्याच परागकणांनी दाणा धरणारा. पिढ्यान्‌पिढ्या निवडल्यावर दोन्ही गुणसूत्रांवर जवळपास तीच जनुकं उरतात. इंद्रायणीची पायली देऊन इंद्रायणीचीच पायली घेतली, तर कणगीत काय बदलणार? नवं हवं तर दुसऱ्या वाणाशी संकर करावाच लागतो. म्हणून जुनी गावठी वाणं जपायला हवीत, हे मी कळकळीनं सांगतो.

आणखी एक. हवा तो गुण निवडताना त्याला चिकटलेली नको ती जनुकंही येतात. ती तोडायची तर फेरजुळणी नेमकी दोघांच्या मधे व्हायला हवी. गहू, बार्लीत ती गुणसूत्राच्या टोकांकडं जास्त, मधल्या भागात फारच कमी. इंग्रजीतल्या ‘लिंकेज ड्रॅग’ला मी ‘फरफट’ म्हणतो.

खानापूर : ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ आठवलं! पण त्यातलं वाण म्हणजे रंग ना?

बेळगाव : हो, ‘वर्ण’वरून आलेलं. फरफटीतही शेजारच्याचा नको तो गुण लागतो.

निपाणी : कानडी शेजारी भातालाही ‘तळि’ म्हणतात, गाईलाही. आपण गाईला वाण म्हणत नाही.

खानापूर : नाही. खिलार ही जात, इंद्रायणी हे वाण. वडील मात्र भातालाही जातच म्हणतात.